‘बॉर्न’ या शब्दाची जन्मपत्रिका

शाळेच्या दाखल्यापासून पारपत्रापर्यंत कोणताही अर्ज भरताना नावापाठोपाठ जो प्रश्न येतो तो जन्माचा. आपल्यासारख्या पिढ्यान् पिढ्या स्थायिक झालेल्या घरांतली वडीलधारी मंडळी या रकान्याशी क्षणभर थबकत. जन्म लष्कर-ग्वाल्हेरचा, पण घराणे मूळचे कोकणातले किंवा देशावरचे. इंग्रजी ‘बॉर्न’ हा शब्द यांपैकी पहिलीच गोष्ट विचारतो. वस्तुतः हा शब्द दिसतो तितका साधा नाही. त्याच्या अर्थाचा इतिहास पाहिला, म्हणजे आपल्याच घरांच्या इतिहासावर थोडा प्रकाश पडतो.

‘बॉर्न’ हे ‘बेअर’ म्हणजे वाहणे या क्रियापदाचे कर्मणी रूप होय. आईने ज्याचा भार वाहिला तो ‘बॉर्न’. हे क्रियापद आणि संस्कृतातील ‘भृ’ धातू एकाच प्राचीन मूळातून आले आहेत. आपले ‘भार’, ‘भरण’ हे शब्द त्याच कुळातले. मराठीत आपण ‘जन्मलो’ म्हणतो; जणू ते काम आपणच केले! इंग्रजीत मात्र जन्मणाऱ्याकडे कर्तृत्व नाही. तो कुणीतरी वाहून आणलेला असतो.

पुढे इंग्रजीला जन्म आणि ओझे यांत भेद करावासा वाटला. सतराव्या शतकापर्यंतच्या छापील पुस्तकांत शेवटी ‘ई’ असलेले आणि नसलेले अशी दोन्ही लेखने सरमिसळ आढळतात. अठराव्या शतकात ‘ई’सह लिहिले तर वाहिलेले आणि ‘ई’विना लिहिले तर जन्मलेले, असा संकेत स्थिरावला. जन्म या शब्दाला किती बारकाव्याने ताणता येते हे शेक्सपिअरने ‘मॅक्बेथ’मध्ये दाखविले आहे. स्त्रीच्या पोटी जन्मलेला कुणीही आपल्याला इजा करू शकणार नाही, या भविष्यावर मॅक्बेथ विसंबतो आणि आईचे पोट चिरून काढलेल्या मॅकडफच्या हातून मारला जातो. शिरवाडकरांच्या ‘राजमुकुट’मुळे हे कथानक मराठी रसिकांनाही परिचित आहे. शब्दाच्या व्याख्येवर प्राण अवलंबून राहावेत, ही नाटकातली गोष्ट पुढे कायद्यात निराळ्या रीतीने खरी ठरली.

जन्माचा दुसरा प्रवाह इंग्रजीत लॅटिनमधून आला. ‘नेटिव्ह’ आणि ‘नेशन’ हे दोन्ही शब्द जन्मवाचक लॅटिन क्रियापदापासून निघाले असून त्याचे नाते आपल्या ‘जन्’ धातूशी आहे. याच धातूपासून आपल्याकडे ‘जाति’ आणि ‘जात’ आले. एकाच मूळातून तिकडे राष्ट्र आणि इकडे जात उभी राहिली! ‘नेटिव्ह’ची कहाणी तर आपल्या आजोबा-पणजोबांनी अनुभवलेली आहे. मुंबईच्या नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या नावात तो केवळ ‘एतद्देशीय’ या अर्थी होता. साहेबाच्या तोंडी तो पुढे हेटाळणीचा झाला.

जन्मस्थानाला कायद्याचे बळ देणारा प्रसिद्ध निवाडा म्हणजे १६०८ चा कॅल्व्हिन खटला. १६०३ मध्ये स्कॉटलंडचा राजा इंग्लंडच्याही गादीवर आला. त्यानंतर स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या बालकाला इंग्लंडमध्ये जमीन धारण करता येईल काय, असा प्रश्न होता. जन्मतःच तो त्या राजाच्या निष्ठेखाली आला, म्हणून तो परका नव्हे, असा निर्णय झाला. त्यापूर्वी जन्मलेले स्कॉट मात्र परकेच राहिले. अमेरिकेत १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने त्या भूमीवर जन्मलेल्यांना नागरिकत्व दिले. गुलामगिरीतून सुटलेल्यांना त्याच शब्दाने देश मिळाला.

हिंदुस्थानात हा शब्द आला तो अटी घेऊनच. १८७० च्या कायद्याने ‘नेटिव्ह ऑफ इंडिया’ची व्याख्या केली, तेव्हा ब्रिटिश मुलखातील जन्म आणि कायम वास्तव्य एवढ्यावर भागविले नाही, आईबापही इथे तात्पुरते आलेले नसावेत, असे म्हटले. पुण्यात जन्मलेले साहेबाचे मूल त्यामुळे ‘नेटिव्ह’ होत नसे. उलट बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर वा हैदराबाद संस्थानात जन्मलेला मराठी माणूस केवळ त्या जन्माने ब्रिटिश प्रजाजन ठरत नसे. कारण १९१४ च्या कायद्याप्रमाणे जन्म बादशहाच्या मुलखातच व्हावा लागे आणि संस्थाने त्यात मोडत नव्हती. हे लोक ‘ब्रिटिश संरक्षित’. एक भाऊ पुण्यात आणि दुसरा बडोद्यात जन्मला, तर सख्ख्या भावांचे कायदेशीर दर्जे दोन!

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या पाचव्या अनुच्छेदाने भारतात कायम वास्तव्य असणाऱ्यांसाठी स्वतःचा जन्म, आईवडिलांपैकी एकाचा जन्म किंवा पाच वर्षांचे वास्तव्य, यांपैकी काहीही पुरेसे मानले. १९६२ च्या आदेशाने गोव्यात तर आजी-आजोबांपैकी एकाचा जन्मही चालला. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात, काही अपवाद सोडता, भारतात जन्म एवढेच पुरे होते. १ जुलै १९८७ पासून जन्मणाऱ्यांसाठी आईबापांपैकी एकाचे नागरिकत्व आवश्यक झाले आणि ३ डिसेंबर २००४ पासून अट आणखी कडक झाली. म्हणजे केवळ ‘कुठे जन्मला’ असे विचारणारा कायदा ‘कुणाच्या पोटी जन्मला’ याकडे वळला.

मराठी समाज हा दुसरा प्रश्न आधीपासूनच विचारीत आला आहे. ‘तुम्ही मूळचे कुठले?’ यात जन्मगावाची चौकशी नसतेच. या प्रश्नाला दीडदोनशे वर्षे तेच उत्तर देत आपण आपले कुलदैवत, आडनाव आणि भाषा टिकविली, हे खरे. तथापि, ज्या गावांनी आपल्या पाच-सहा पिढ्यांची बारशी आणि तेरावी पाहिली, त्यांची नावे त्या उत्तरात कधी येत नाहीत. ‘बॉर्न’चा धात्वर्थ वाहणे हा आहे. मूळ गावाने आपल्याला नाव दिले. या गावांनी आपल्याला वाहिले. अर्जातला तो रकाना भरताना हात थबकण्याचे वस्तुतः कारण नाही.