रेव्हरंड टिळकांचा ‘देवाचा दरबार’ काय होता?

शाळेच्या पुस्तकात ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून भेटलेले ना. वा. टिळक ख्रिस्ती पाळकही होते. (लोकमान्य टिळक वेगळे.) १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, १९०४ मध्ये ते अमेरिकन मराठी मिशनचे पाळक झाले. पण १९१७ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशन सोडलं आणि साताऱ्यात राहून ‘देवाचा दरबार’ सुरू केला.

यात नवीन काय होतं? ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या कुणालाही दरबारात जागा होती, बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. त्या काळी बाप्तिस्मा म्हणजे जात आणि गोतावळा तुटणं. टिळकांनी ते स्वतः सोसलं होतं. पत्नी लक्ष्मीबाईसुद्धा काही वर्षं दूर राहिल्या होत्या. एका पाळकाने ही अट बाजूला ठेवणं सोपं नव्हतं.

‘ज्ञानोदय’चं मराठी संपादन आणि ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्रावरचं महाकाव्य, हेही हाती होतंच. पण हाताशी दोनच वर्षं उरली होती. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. दरबार त्यांच्यामागे फार टिकला नाही. अर्धवट ‘ख्रिस्तायन’ मात्र कधीही शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. १९३८ मध्ये ते छापून आलं, तेव्हा त्याही हयात नव्हत्या.