खानेसुमारीतील एक रकाना : दिव्यांगांच्या मोजणीचा इतिहास

१/ बार्शी तालुक्यातील वैराग हे बाजाराचे गाव. ग्रामपंचायतीची नगरपंचायत होऊन २०२१-२२ मध्ये तिची पहिली निवडणूक झाली. अशा स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी, असा राज्य शासनाचा नियम आहे. त्यासाठी आधी कळायला हवे, की गावात दिव्यांग किती? या प्रश्नाचा इतिहास दीडशे वर्षांचा आहे. थ्रेड 👇

२/ १८७२ च्या खानेसुमारीपासून ब्रिटिश सरकारने शारीरिक व मानसिक व्यंगांची नोंद सुरू केली. मुंबई इलाख्यातील सोलापूर जिल्हाही तिच्या कक्षेत होता. नोंद व्हायची ती मनोरुग्ण, मूकबधिर, अंध आणि कुष्ठरोगी यांची.

३/ गणकांना सूचना होती, की दोन्ही डोळ्यांनी अंध असेल त्यालाच अंध लिहावे; एका डोळ्याने अंध असलेल्याची नोंद करू नये. पायाने अधू असलेल्यांना तर रकानाच नव्हता. मोटेवर पाय गमावलेला शेतमजूर सरकारी कागदावर धडधाकटच राही.

४/ निवड अशी का? त्या काळचे कायदे पाहावेत. १८५८ चा कायदा वेड्यांच्या इस्पितळांचा, १८९८ चा निराधार कुष्ठरुग्णांना वेगळे ठेवण्याचा. आधार देण्यापेक्षा बंदोबस्ताची चिंता मोठी होती.

५/ १९३१ नंतर हा रकानाच गेला. १९४१ ते १९७१ या चार जनगणनांत दिव्यांगांची मोजणी झाली नाही. १९८१ हे आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष, म्हणून प्रश्न परतला. तोही पूर्णतः अंध, पूर्णतः पांगळे व पूर्णतः मुके एवढ्यांपुरता. १९९१ मध्ये तो पुन्हा वगळला गेला.

६/ १९९५ मध्ये अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला, पण हक्कदार किती हे ठाऊक नव्हते. जावेद आबिदी व त्यांच्या सहकाऱ्यांनी आंदोलन केले, तेव्हा २००१ च्या जनगणनेत पाच प्रकारांचा प्रश्न आला.

७/ आता आकडे पाहा. महाराष्ट्रात २००१ मध्ये सुमारे १५.७ लाख दिव्यांग नोंदले गेले. २०११ मध्ये सुमारे २९.६ लाख. दहा वर्षांत अपंगत्व दुप्पट झाले, असा याचा अर्थ काढणे धाडसाचे ठरेल. २०११ मध्ये प्रकार पाचांचे आठ झाले आणि प्रश्नाची मांडणीही बदलली. प्रश्न बदलला, की माणसे दिसू लागतात.

८/ २०१६ च्या कायद्याने २१ प्रकार मान्य केले. जनगणनेचा आकडा मात्र अजून २०११ चाच. पुढील जनगणना २०२७ ची जाहीर झाली आहे. वैरागमध्ये वा आपल्या गावी प्रगणक दारी येईल, तेव्हा घरातल्या दिव्यांग माणसाचे नाव संकोचाने झाकू नका. त्याच्या वाट्याचा निधी आणि रस्त्यावरचा उतार या नोंदीपासूनच सुरू होतो.