हृदयातले छिद्र आणि अठराव्या वर्षाची रेघ

१९२९ साली जर्मनीतील एबर्सवाल्ड येथे वेर्नर फोर्समन या तरुण डॉक्टराने स्वतःच्या हाताच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत सरकवली. या धाडसाला १९५६ मध्ये नोबेल मिळाले. पुढे किंग आणि मिल्स यांनी १९७५ मध्ये अमेरिकेत छाती न उघडता, नळीवाटे हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधले छिद्र बुजवले. रुग्ण होती सतरा वर्षांची मुलगी. १९९० च्या दशकात कुर्ट अँप्लाट्झ यांची निकेल-टायटॅनियमच्या तारेची दुहेरी चकती आली. जांघेतल्या शिरेतून ती मिटलेली जाते, पडद्याच्या दोन्ही बाजूंना उघडते आणि काही महिन्यांत तिच्यावर शरीराचेच अस्तर चढते. छिद्राच्या कडा पुरेशा असतील तरच हे जमते, नाहीतर शस्त्रक्रिया करावी लागते.

हे छिद्र बालपणी बहुधा गप्प असते. जादा रक्ताचा भार हृदयाच्या उजव्या बाजूवर आणि फुप्फुसांवर वर्षानुवर्षे पडत राहतो. मग तिशी-चाळिशीत किंवा बाळंतपणात धाप लागते, छातीत धडधडते. घरचे त्याला अशक्तपणा म्हणतात. फुप्फुसांतला दाब फार वाढून रक्ताचा प्रवाह उलटला, तर छिद्र बुजवणेच घातक ठरते. म्हणून या आजारात उपचाराइतकीच निदानाची वेळ मोलाची.

आता नंदुरबारकडे पाहू. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून हा जिल्हा वेगळा झाला. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत धुळे होते, नंदुरबार नव्हते. उरलेल्या राज्याबरोबर त्याची पाळी नोव्हेंबर २०१३ मध्ये आली. त्याच वर्षी सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत आणि शाळेत मुले तपासू लागली, पण जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतचीच.

तेव्हा अठरा ओलांडलेली पिढी आज तिशीत-चाळिशीत आहे, आणि छिद्र बोलू लागते तेही याच वयात. अक्राणी-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरच्या या पिढीला अशा पथकाने लहानपणी तपासलेच नाही. पैशाची सोय झाली, पण रुग्ण कोण हे ठरवणारी तपासणी तिच्या वाट्याला आली नाही.

चकती बसवण्याचे कौशल्य धडगावात असण्याची गरज नाही. त्यासाठी मोठे शहर गाठता येते. गावाजवळ हवी ती स्टेथोस्कोप लावून नीट ऐकणारी व्यक्ती. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची तपासणी होते. अठराची रेघ ओलांडायची तर सुरुवात तिथून करता येईल: धाप लागणाऱ्या प्रत्येकीला लोहाच्या गोळ्या देताना तिचे हृदयही ऐकावे, आणि शंका आली तर तिला सोनोग्राफीसारखी हृदयाची इको तपासणी करायला पाठवावे.