प्लेगची लस : टोचून घ्यावी की नाही

सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकाशियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. कॉलऱ्याच्या लशीसाठी भारतात काम करणारे वाल्डेमार हाफकिन त्यानंतर मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार करू लागले. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे भायखळ्याच्या तुरुंगात, राजी असलेल्या कैद्यांवर तिची चाचणी झाली.

देवीच्या लशीची मुंबई शहरात १८७७च्या कायद्याने सक्ती होती. प्लेगची लस मात्र ऐच्छिक राहिली, त्यामुळे निर्णय घराघरांत होऊ लागला. टोचल्यावर ताप येई, दंड सुजे, एकदोन दिवस काम होत नसे. हातावर पोट असलेल्याला ही बुडालेली मजुरी नेमकी मोजता येई. प्लेग आपल्याच घरी येईल की नाही, हे मात्र कोणालाच सांगता येत नव्हते. लशीसाठी जंतू मांसाच्या रश्शात वाढवत, ही गोष्टही अनेकांच्या धर्मभावनेच्या आड येई.

याहून मोठा अडथळा सरकारवरील अविश्वासाचा होता. १८९७च्या साथरोग कायद्याखाली घरांच्या झडत्या होत, आजाऱ्याला इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत हलवले जाई. पुण्यात हे काम गोऱ्या सोजिरांकडे होते. त्या संतापातूनच २२ जून १८९७ रोजी तिथल्या प्लेग समितीचा प्रमुख रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. घरात बूट घालून शिरणाऱ्या सरकारची सुई लोकांना संशयास्पद वाटली, याला केवळ अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे आहे. पुढे टोचल्याचा दाखला असणाऱ्यांना विलगीकरणातून सूट मिळू लागली. त्यामुळे काहींनी रोगापेक्षा छावणीच्या धास्तीने दंड पुढे केला. अशी निवड कितपत मोकळी होती, हा प्रश्न उरतोच.

विश्वासातल्या माणसाचे उदाहरण अधिक उपयोगी पडले. खोजा समाजाचे प्रमुख आगाखान यांनी चारचौघांसमोर लस टोचून घेतली आणि त्यांचे अनुयायी पुढे आले. आकड्यांचा पुरावा बडोदे संस्थानातील उंढेरा गावात मिळाला. तिथे १८९८मध्ये प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांना लस दिली होती. प्लेग शिरलेल्या घरांत लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले, ३ दगावले. न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले आणि २६ दगावले. एकाच छपराखालचा हा फरक कोणालाही समजण्याजोगा होता. लस पूर्ण संरक्षण देत नाही, हेही त्यातून तितकेच स्पष्ट झाले.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस दिलेले १९ जण धनुर्वाताने मेले. दोष हाफकिन यांच्या परळच्या प्रयोगशाळेवर आला, त्यांना पदावरून दूर केले गेले आणि लोकांचा विश्वास पार ढासळला. ती बाटली उघडताना वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केला नव्हता, ही गोष्ट चौकशीत नोंदली गेली होती. तरीही हाफकिन यांना दोषमुक्त व्हायला १९०७ साल उजाडले. त्याच वर्षी पंजाबात प्लेगने सहा लाखांहून अधिक माणसे मेली.