मद्यसेवनविषयक स्वकथनाची विश्वसनीयता : खान्देशातील रावेर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

आरोग्य सर्वेक्षणात 'आपण दारू पिता का ?' असा प्रश्न विचारला जातो व मिळालेल्या उत्तरांवरून मद्यसेवन करणाऱ्यांचे प्रमाण निश्चित होते. व्यसनमुक्तीच्या सोयी कोठे व किती असाव्यात, दारूबंदी यशस्वी झाली की नाही, यांसारखे निर्णय या प्रमाणावर आधारले जातात. मात्र कोणतेही उत्तर हे कोणाला तरी दिलेले असते. सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या रावेर परिसरात आरोग्य कर्मचारी हा प्रश्न घेऊन येण्याच्या कितीतरी आधी अबकारी खात्याचा अंमलदार तो घेऊन आला होता. हा पूर्वेतिहास लक्षात घेतल्याशिवाय आजच्या आकडेवारीचा अर्थ लावता येत नाही, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

अबकारी व्यवस्था आणि मौन

१८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने परवान्याविना मद्य गाळणे हा गुन्हा ठरला. मोहाची फुले वेचून घरच्या घरी दारू गाळणे ही सातपुड्यातील आदिवासी समाजांची जुनी रीत होती. सण, लग्न, देवकार्य यांत मोहाच्या धारेला स्थान होते. कायद्याने ही रीत बेकायदेशीर ठरविली आणि मक्तेदाराच्या दुकानातील करपात्र दारू तेवढी कायदेशीर राहिली. त्यामुळे सरकारी दप्तरात विकलेल्या दारूची नोंद झाली, प्यालेल्या दारूची झाली नाही. एकीकडे वसाहतकालीन लेखनात भिल्ल समाजाच्या मद्यप्रियतेचे वर्णन सरसकट केलेले आढळते, तर दुसरीकडे ज्याच्या घरी भट्टी होती त्याला मौन बाळगणेच हिताचे होते. म्हणजेच अधिकाऱ्याचे विधान अतिशयोक्तीकडे व पिणाऱ्याचे विधान नकाराकडे झुकण्याची कारणे एकाच व्यवस्थेत होती.

प्रतिज्ञा आणि प्रतिष्ठा

विसाव्या शतकात या मौनाला नैतिक आशय प्राप्त झाला. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात पश्चिम खान्देशातील तळोदे भागात गुला महाराजांच्या प्रेरणेने हजारो आदिवासींनी दारू सोडण्याचे व्रत घेतले. डिसेंबर १९३६ मध्ये रावेरलगतच्या फैजपूर येथे काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन भरले. ज्या पक्षाने १९३१ च्या कराची ठरावात मद्यबंदीचा पुरस्कार केला होता, त्याच पक्षाचे मंत्रिमंडळ १९३७ मध्ये मुंबई प्रांतात अधिकारावर आले. दारू सोडणे हे आत्मोद्धाराचे व राष्ट्रकार्याचे लक्षण ठरले. व्रत घेतलेल्या माणसाने पुढे सणाला घोटभर घेतली, तरी 'मी पितो' असे म्हणणे म्हणजे समाजासमोर व्रतभंगाची कबुली देण्यासारखे होते. 'पितो' या मराठी क्रियापदाला कर्माची गरज उरलेली नाही आणि 'पिणारा' म्हणजे व्यसनी, असाच त्याचा रूढ अर्थ झाला आहे.

दारूबंदी कायदा आणि परवाना

१९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने केवळ विक्रीच नव्हे तर विनापरवाना सेवनही दंडनीय केले. प्रकृतीच्या कारणास्तव परवाना मिळत असे. त्यामुळे ज्याला परवाना हवा होता त्याला मद्याची गरज सांगावी लागे आणि ज्याला तो मिळण्याजोगा नव्हता त्याला सेवन लपवावे लागे. कायद्यानेही तोंडी कथनावर विसंबून न राहता १९५९ च्या दुरुस्तीने रक्तातील मद्यार्काचे ०.०५ टक्के हे प्रमाण पुराव्यासाठी आधारभूत मानले. पुढे महाराष्ट्रात बंदी शिथिल झाली, तरी परवान्याची तरतूद कायद्यात कायम राहिली.

सर्वेक्षणातील आकडे

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या दुसऱ्या फेरीत (१९९८-९९) घरातील एका व्यक्तीकडून इतरांच्या मद्यसेवनाची माहिती घेतली गेली. २००५-०६ पासून स्त्री-पुरुषांना थेट प्रश्न विचारला जाऊ लागला. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ वर्षांवरील पुरुषांत हे प्रमाण १३.९ टक्के, तर स्त्रियांत ०.४ टक्के नोंदले गेले. देशपातळीवर पुरुषांचे प्रमाण सुमारे १९ टक्के होते. याउलट अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १० ते ७५ वयोगटातील पुरुषांत ते २७.३ टक्के आढळले. १० ते १४ वर्षांची मुले समाविष्ट असूनही हे प्रमाण अधिक आहे. दोन्ही पाहण्यांची पद्धती भिन्न होती, हे खरे. परंतु दुसऱ्या पाहणीत गेल्या बारा महिन्यांतील कोणतेही सेवन मोजले गेले, तर पहिलीत 'पिता का ?' एवढेच विचारले गेले, हा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही. होळीपूर्वीच्या भोंगऱ्या बाजारापुरती घेणारा माणूस पहिल्या प्रश्नाला प्रामाणिकपणे 'नाही' म्हणू शकतो. शिवाय हातभट्टीच्या दारूची तीव्रता ठराविक नसल्याने 'किती घेता ?' याचे उत्तर ग्लासांच्या संख्येत देऊनही मद्यार्काचे मान कळत नाही.

विक्रीचे आकडे हाही परिपूर्ण पर्याय नव्हे. हातभट्टी त्यात येत नाही व रावेरसारख्या सीमेवरील तालुक्यात बऱ्हाणपूरकडून होणारी ये-जा जमेस धरावी लागते. २००८ च्या आदेशान्वये दुकान बंद करण्यासाठी होणारे महिलांचे गुप्त मतदान हा मात्र वेगळ्या स्वरूपाचा पुरावा आहे. त्यात पिणाऱ्याचे नव्हे, तर पिण्याचे परिणाम सोसणाऱ्यांचे मत नोंदले जाते आणि ते कोणासमोर उच्चारावे लागत नाही.

निष्कर्ष

स्वकथन टाकाऊ नाही. ते मद्यसेवनाचे किमान प्रमाण दाखविते. परंतु जेथे कायद्याचा धाक व व्रताची प्रतिष्ठा अधिक, तेथे हे किमान प्रमाण वास्तवापासून अधिक दूर असण्याचा संभव आहे. म्हणून दोन जिल्ह्यांची वा दोन कालखंडांची तुलना करताना आकड्यांतील घट ही सेवनातील घट आहे की कबुलीतील, हे आधी तपासले पाहिजे. अन्यथा जेथे मौन अधिक तेथे उपचारांची तरतूद कमी होईल आणि त्याची झळ नेमकी त्याच कुटुंबांना बसेल.