सदिश कलनाच्या अध्यापनातील संवादी सॉफ्टवेअर

सदिश कलन शिकविताना वक्र, पृष्ठभाग आणि सदिश क्षेत्रे पडद्यावर रेखाटून ती विद्यार्थ्याला हाताळू देणाऱ्या संगणक प्रणालींना संवादी गणिती सॉफ्टवेअर म्हणतात. जिओजेब्रा आणि कॅल्कप्लॉट३डी ही त्याची परिचित उदाहरणे होत. प्रतलातील किंवा अवकाशातील प्रत्येक बिंदूशी एक सदिश जोडला की सदिश क्षेत्र तयार होते. नदीच्या पात्रात जागोजागी पाण्याचा वेग व दिशा दर्शविणारे बाण काढल्यास असेच क्षेत्र मिळते. सपाट फळ्यावर अशा त्रिमितीय आकृत्या खडूने काढणे जिकिरीचे असल्याने या साधनांची गरज निर्माण झाली.

इतिहास

१९९५ मध्ये जावा ही संगणकभाषा प्रसिद्ध झाल्यानंतर ब्राउझरमध्ये चालणारे छोटे कार्यक्रम, म्हणजेच ॲपलेट, गणिताच्या शिक्षकांनी मोठ्या संख्येने तयार केले. अमेरिकेतील रॉचेस्टर येथील मन्रो कम्युनिटी कॉलेजचे प्राध्यापक पॉल सीबर्गर यांचे कॅल्कप्लॉट३डी हे प्रथम असेच ॲपलेट होते. ऑस्ट्रियातील साल्झबर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये जिओजेब्राचे काम सुरू केले. त्रिमितीय आलेखांची सोय त्यात २०१४ मधील पाचव्या आवृत्तीत आली.

सुरक्षेच्या कारणास्तव क्रोमने २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये ॲपलेटसाठी लागणारा आधार काढून घेतला. परिणामी अनेक शिक्षकांनी वर्षानुवर्षे जमविलेली सामग्री जागच्या जागी निकामी झाली. ज्यांच्यामागे चिकाटीचा कर्ता किंवा संस्था होती, तीच साधने जावास्क्रिप्टमध्ये नव्याने लिहिली गेली. कॅल्कप्लॉट३डी त्यांपैकी एक असून त्याची आजची आवृत्ती मोबाइलवरही चालते.

चित्र आणि गणित यांतील तफावत

या साधनांतील खरी अडचण तांत्रिक नाही. बाणांचे चित्र डोळ्यांना पटते, परंतु पुष्कळदा ते फसवे असते. एखाद्या बिंदूपाशी प्रवाह किती उगम पावतो याचे माप म्हणजे अपसरण, आणि तो तेथे किती गरगरतो याचे माप म्हणजे कुंतल. इंग्रजी पाठ्यपुस्तकांत त्यांना अनुक्रमे डायव्हर्जन्स व कर्ल अशी नावे आहेत.

आता प्रतलातील दोन क्षेत्रे घेऊ. पहिले (क्ष, य) आणि दुसरे (क्ष, य) ÷ (क्ष² + य²). दोन्हींत बाण आरंभबिंदूपासून दूर जातात. पडद्यावर गर्दी होऊ नये म्हणून अनेक प्रणाली सर्व बाण एकाच लांबीचे काढतात. तसे केल्यास ही दोन चित्रे तंतोतंत सारखी दिसतात. प्रत्यक्षात पहिल्या क्षेत्राचे अपसरण सर्वत्र २ आहे, तर दुसऱ्याचे आरंभबिंदू वगळता सर्वत्र शून्य. ‘बाण पसरताना दिसतात, म्हणजे अपसरण आहे’ हा विद्यार्थ्यांचा समज अशा चित्राने अधिकच पक्का होतो.

(य, ०) या क्षेत्रात याच्या उलट प्रकार आढळतो. त्यातील बाण सरळ आणि एकमेकांस समांतर असतात, कोठेही भोवरा नाही. तरीही त्याचे कुंतल −१ आहे. काठाशी संथ व मध्यभागी वेगवान वाहणाऱ्या नदीत टाकलेले छोटे चाक जसे फिरते, तसे येथे ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरेल.

सुधारणेचे उपाय

चित्रासोबत मोजमापाची सोय असल्यास ही तफावत उघड होते. विद्यार्थ्याला पडद्यावर एक वर्तुळ सरकविता यावे आणि त्याच्या परिघातून बाहेर पडणारा एकूण प्रवाह शेजारी आकड्यात दिसावा. आरंभबिंदूभोवतीच्या वर्तुळाची त्रिज्या दुप्पट केली, तर पहिल्या क्षेत्रात हा आकडा चौपट होतो. दुसऱ्या क्षेत्रात तो २π, म्हणजे सुमारे ६.२८, एवढाच राहतो. तेच वर्तुळ आरंभबिंदू बाहेर राहील असे सरकविले की दुसऱ्या क्षेत्रातील आकडा एकदम शून्यावर येतो. गाउसच्या प्रमेयाचे मर्म येथे सूत्राआधीच हाती लागते.

बाणांची लांबी समान ठेवायचीच असेल, तर परिमाण रंगाने दाखवावे लागते. मात्र लाल-हिरव्या रंगांतील भेद न जाणवणाऱ्यांसाठी निळ्या-पिवळ्या छटा सोयीच्या ठरतात. चाक कोणत्या दिशेने फिरेल याचा अंदाज विद्यार्थ्याने आधी नोंदवावा आणि मगच ते हलावे, ही व्यवस्था करण्यास विशेष खर्च येत नाही. आकर्षक फिरत्या चित्रांच्या हौसेपायी नेमकी तीच राहून जाते. भारतात आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात जिओजेब्रा वापरण्याचे दृक्‌श्राव्य पाठ विनामूल्य उपलब्ध आहेत.