मेथॉडिस्ट वर्गसभा आणि साप्ताहिक पेनी

इंग्लंडमधील मेथॉडिस्ट चळवळीचा इतिहास सांगताना जॉन वेस्लीची (१७०३–१७९१) उघड्या मैदानावरील प्रवचने, घोड्यावरून चाललेला त्याचा अखंड प्रवास आणि त्याचा बंधू चार्ल्स याची भक्तिगीते यांना अग्रस्थान देण्याचा प्रघात आहे. तो अस्वाभाविक नाही. मैदानात जमलेला सहस्रावधींचा समुदाय इतिहासकाराच्या डोळ्यांत सहज भरतो. परंतु रविवारी प्रवचन ऐकून हेलावलेला किंग्जवुडचा खाणकामगार सोमवारी पुन्हा खाणीत उतरे, आणि तेथून वर आल्यावर त्याच्या त्या हेलावण्याचे काय होई, हा खरा प्रश्न होय. वक्तृत्वात जॉर्ज व्हिटफील्ड वेस्लीहून सरस होता, असे समकालीनांचे मत होते. तथापि इंग्लंडात वेस्लीच्या अनुयायांची जशी घट्ट वीण बसली तशी व्हिटफील्डच्या श्रोत्यांची बसली नाही. या फरकाचे कारण बऱ्याच अंशी वर्गसभा या संस्थेत सापडते. दहाबारा माणसे, त्यांचा एक नायक, आठवड्यातून एक भेट आणि दर भेटीस एक पेनी, एवढाच तिचा पसारा होता. तिचा जन्म धर्मचिंतनातून झाला नाही. तो एका इमारतीच्या कर्जातून झाला आणि ही गोष्ट केवळ योगायोग म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

लहान मंडळांची कल्पना वेस्लीच्या आधीची आहे. फिलिप याकोब स्पेनर याने १६७० साली फ्रांकफुर्ट येथे आपल्या घरी भक्तांच्या बैठका सुरू केल्या होत्या. लंडनमध्ये अँथनी हॉर्नेक याच्या प्रेरणेने १६७८च्या सुमारास तरुणांची धार्मिक मंडळे निघाली. हर्नहूट येथील मोरेव्हियन बंधूंमध्ये १७२७ पासून 'बँड' नावाचे छोटे गट होते, आणि १७३८ साली लंडनच्या फेटर लेनमधील मंडळात वेस्लीने तीच पद्धत स्वीकारली. बँडमध्ये पुरुष व स्त्रिया, विवाहित व अविवाहित यांचे गट वेगळे असत. त्या आठवड्यात घडलेली पापे आणि झालेले मोह प्रत्येकाने उघडपणे सांगावयाचे असत. विरोधकांनी याला रोमन कॅथलिक पापांगीकाराची नक्कल म्हटले. येथे ऐकणारा धर्मगुरू नसून बरोबरीचा माणूस आहे, हा त्यांतील भेद त्यांनी लक्षात घेतला नाही. बँडची उणीव निराळीच होती. ज्यांच्या श्रद्धेला आधीच बळ आले आहे अशा निवडक माणसांसाठी तो होता. दाराशी नुकत्याच आलेल्या, अडखळणाऱ्या माणसाला त्यात जागा नव्हती.

ती जागा ब्रिस्टल येथे निर्माण झाली. तेथील हॉर्सफेअर भागात १७३९ साली 'न्यू रूम' या सभागृहाचा पाया घातला गेला. आरंभी वेस्लीने विश्वस्त नेमले होते. परंतु विश्वस्तांच्या हाती मालकी राहिली तर ते उपदेशकालाच बाहेर काढू शकतील, असा इशारा व्हिटफील्ड आदी मित्रांनी दिल्यावर त्याने ते विश्वस्तपद रद्द केले आणि इमारतीबरोबर तिचे ऋणही स्वतःच्या शिरावर घेतले. सत्तेची हाव म्हणून टीकाकारांनी या कृतीकडे बोट दाखविले आहे, आणि तो आक्षेप सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही.

१५ फेब्रुवारी १७४२ रोजी हे कर्ज फेडण्याच्या विचारार्थ प्रमुख सभासद एकत्र जमले. कर्ज फिटेपर्यंत प्रत्येक सभासदाने आठवड्यास एक पेनी द्यावी, अशी सूचना एकाने केली. हा गृहस्थ म्हणजे कॅप्टन फॉय होय, असे परंपरा सांगते. त्यावर दुसऱ्याने हरकत घेतली की, पुष्कळ सभासद अतिशय दरिद्री आहेत, त्यांना एवढेही परवडणार नाही. शेतमजुराची दिवसाची कमाई साधारण शिलिंगभर, म्हणजे बारा पेनी होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या हरकतीचे वजन कळते. तेव्हा पहिल्या वक्त्याने जे उत्तर दिले त्यात पुढील शंभर वर्षांची संस्था सामावलेली होती. सर्वांत गरीब अशी अकरा माणसे माझ्याकडे द्या, दर आठवड्यास मी त्यांच्या घरी जाईन, ते देतील ते घेईन, आणि ज्यांना काहीच देता येणार नाही त्यांच्या वाटचे मी भरीन, असा त्याचा आशय होता. इतरांनीही आपापल्या शेजारातील अकराअकरा माणसे वाटून घेतली.

या व्यवस्थेत पैशापेक्षा उंबरठा महत्त्वाचा ठरला. पेनी मागण्यास गेलेल्या माणसाला घरात काय चालले आहे हे दिसल्यावाचून राहत नसे. कोणी आजारी पडलेला असे, कोणाचे काम सुटलेले असे, कोणी पिऊन पडलेला असे, कोणी पत्नीशी भांडत असे. काही आठवड्यांतच हे वसुली करणारे लोक वेस्लीकडे येऊन अमुक सभासदाचे वर्तन योग्य नाही असे सांगू लागले, आणि ज्या गोष्टीची इतके दिवस उणीव भासत होती ती हीच, असे त्याला तत्काळ उमगले. मार्च १७४२ मध्ये लंडनमध्येही हीच रचना सुरू झाली. पुढे घरोघर जाण्याऐवजी सर्वांनी एके ठिकाणी जमावे असे ठरले. त्याची कारणे वेस्लीने १७४९ साली छापलेल्या आपल्या वृत्तान्तात दिली आहेत, आणि ती अगदी व्यवहारी आहेत. नायकांना इतका वेळ मिळत नसे. पुष्कळ सभासद धन्याच्या किंवा नातेवाइकांच्या घरी राहत, आणि तेथे अशा भेटीस मज्जाव असे. शिवाय दोघांमधील गैरसमज दोघेही समोर असल्याशिवाय मिटत नसत. बायबलात अशा सभांना आधार नाही, या आक्षेपावर त्याचे म्हणणे एवढेच होते की, ही ईश्वरी आज्ञा नसून विवेकाने योजलेले साधन आहे आणि अनुभवाने ते बदलता येईल. वेस्लीच्या एकंदर स्वभावातील हा सर्वांत आकर्षक भाग म्हणावा लागेल.

१७४३च्या नियमांनुसार नायकाने प्रत्येकाला आठवड्यातून एकदा भेटून त्याच्या आत्म्याची खुशाली विचारावी, उपदेश, समज किंवा धीर द्यावा, गरिबांसाठी तो देईल ते घ्यावे आणि आजारी व बेशिस्त सभासदांची माहिती पाळक व कारभारी यांना द्यावी, अशी व्यवस्था होती. प्रवेशासाठी मतप्रणालीची परीक्षा नव्हती. येणाऱ्या कोपापासून सुटण्याची इच्छा पुरेशी होती. मात्र टिकून राहण्यास वर्तनाचा पुरावा लागे. दर तीन महिन्यांनी सभासदाचे नाव लिहिलेले छोटे तिकीट मिळे. ते न मिळणे म्हणजे नाव कमी होणे. अशा प्रकारे एकाच वहीत हजेरी, पैसा आणि आत्म्याची स्थिती यांची नोंद होऊ लागली.

ही वही कशी चाले याचे न्यूकॅसल येथील उदाहरण बोलके आहे. मार्च १७४३ मध्ये तेथील मंडळाची तपासणी करून वेस्लीने दैनंदिनीत तपशील लिहिला. ७६ जण आपण होऊन सोडून गेले होते आणि ६४ जणांना काढण्यात आले होते. काढलेल्यांपैकी १७ दारूबाजीसाठी, ४ निंदानालस्तीसाठी, ३ भांडणतंट्यासाठी, ३ सराईत खोटेपणासाठी, तर शिव्याशाप, शब्बाथभंग आणि दारूविक्री यांसाठी प्रत्येकी दोघे गेले. पत्नीला मारल्याबद्दल एक व आळसाबद्दल एक अशी दोन नावे आहेत. उरलेले २९ केवळ उथळपणा व बेफिकिरी या कारणांसाठी वगळले गेले. पत्नीला मारणे हा ज्या काळी सामान्यतः घरचा खासगी व्यवहार समजला जाई, त्या काळी शेजाऱ्यांच्या मंडळाने त्याची दखल घ्यावी ही गोष्ट लहान नव्हे. परंतु त्याच यादीतील २९ हा आकडा वाचकाला अस्वस्थ केल्यावाचून राहत नाही. उथळपणा कशास म्हणावे हे कोण ठरविणार?

सोडून गेलेल्यांची यादी तर त्याहून बोधक आहे. १४ डिसेंटरांना त्यांचे पाळक प्रभुभोजन नाकारतील अशी भीती होती. १२ जणांच्या आईबापांची संमती नव्हती, ९ जणांच्या पतीची किंवा पत्नीची नव्हती, ५ जणांना धन्याने येऊ दिले नाही. लोकांच्या हसण्याला भिऊन ९ जण गेले, आणि गरिबांना मिळणारी मदत बुडेल म्हणून ३ जण. मंडळातील एका विशिष्ट माणसामुळे दोघांनी मंडळ सोडले, आणि देवाची सेवा करावयास अजून अवकाश आहे असे एकाचे म्हणणे पडले. वर्गात बसणे म्हणजे कुटुंब, धनी, गाव आणि प्रसंगी पोटाची तजवीज यांच्याशी वैर पत्करणे होते, हे या आकड्यांवरून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही प्रवचनसंग्रहावरून होत नाही. ज्याचे जुने नाते तुटले त्याला नवे नाते तत्काळ व हाताशी मिळावे लागते. वर्गाने ते दिले. त्याचबरोबर, ज्याला वर्गाने काढले त्याची दोन्हीकडची नाती गेली.

नायकपद विद्येवर किंवा जन्मावर अवलंबून नसल्यामुळे ते चांभार, विणकर, मोलकरीण यांच्याही हाती आले. स्त्रियांच्या बाबतीत याचे परिणाम विशेष दूरगामी झाले. फेब्रुवारी १७६१ मध्ये डर्बी येथे सारा क्रॉस्बी ही बाई सुमारे तीस माणसांची वर्गसभा घेण्यास गेली, आणि प्रत्यक्षात जवळजवळ दोनशे लोक आले. एकेकाशी बोलणे अशक्य झाल्याने तिने गीत म्हणवून सर्वांना उद्देशून उपदेश केला आणि नंतर संकोचून वेस्लीला पत्र लिहिले. तिने मर्यादा ओलांडली नाही, असे त्याने कळविले. मेथॉडिस्ट स्त्रियांच्या उपदेशाचा मार्ग व्यासपीठावरून नव्हे, तर वर्गाच्या खोलीतून निघाला.

वेस्लीच्या मृत्यूच्या वर्षी, १७९१ साली, ब्रिटन व आयर्लंडमधील एकूण सभासदसंख्या सुमारे ७२,००० होती. या शिस्तीने इंग्लंडातील क्रांती टाळली, असे एली हालेव्ही याने विसाव्या शतकाच्या आरंभी प्रतिपादन केले. ई. पी. टॉमसन याने १९६३ साली याच शिस्तीकडे कामगाराच्या मनाला गिरणीच्या घड्याळास जुंपणारे यंत्र म्हणून पाहिले. दोघेही वर्गाकडे वरून पाहतात. खालून पाहिले असता तो सभा चालविणे, वही ठेवणे, चार माणसांत उठून बोलणे आणि पेनीपेनीने निधी जमविणे यांची शाळा होता. १८४० साली मँचेस्टर येथे स्थापन झालेल्या नॅशनल चार्टर असोसिएशनने दहादहा सभासदांचे वर्ग व त्यांचे नायक अशी रचना स्वीकारली ती याच शाळेतून. १८३४ साली हद्दपार झालेल्या टॉलपडलच्या शेतमजुरांचा पुढारी जॉर्ज लव्हलेस हा मेथॉडिस्ट उपदेशक होता. वेस्लियन धुरीण राजकीय चळवळींपासून दूर राहण्याची ताकीद देत असतानाच त्यांची पद्धत मात्र त्यांच्या हातून निसटून गेली होती.

ऱ्हासाची सुरुवातही पेनीपासूनच पाहता येते. सभासद सुस्थितीत आले, मोठी प्रार्थनामंदिरे उभी राहिली, फिरत्या उपदेशकाच्या जागी स्थायिक पाळक आला आणि वर्गणी तिमाहीस एकदम भरण्याची सोय झाली. मग दर आठवड्याच्या भेटीचे निमित्त उरले नाही. वर्गात दिल्या जाणाऱ्या साक्षी त्याच त्या ठरीव शब्दांत येऊ लागल्या, अशी तक्रार एकोणिसाव्या शतकात वारंवार ऐकू येते. अमेरिकेतील दक्षिणेच्या मेथॉडिस्ट मंडळीने १८६६ साली वर्गातील उपस्थितीची सक्तीच उठविली.

नेमक्या याच काळात ती पद्धत मुंबईस आली. विल्यम टेलर हा अमेरिकन मेथॉडिस्ट उपदेशक १८७१च्या अखेरीस तेथे पोहोचला. त्याच्या सभांतून पुढे आलेल्या, मुख्यतः इंग्रजी बोलणाऱ्या युरोपीय व अँग्लो-इंडियन लोकांचे त्याने घरोघरी जमणारे छोटे गट केले, आणि १८७२ साली त्यांतून मेथॉडिस्ट मंडळी आकारास आली. १८४८ पासून मुंबईत राहून मराठीत रस्त्यावर उपदेश करणारा आणि मिशनचे वेतन नाकारून वस्तीत साधेपणाने राहणारा जॉर्ज बोवेन या मंडळीस येऊन मिळाला. मंडळीचा खर्च परदेशातील मिशनने नव्हे, तर सभासदांनीच चालवावा, असा टेलरचा कटाक्ष होता. ब्रिस्टलमध्ये आधी इमारत उभी राहिली, मग कर्ज झाले आणि कर्जामुळे माणसे एकमेकांच्या दाराशी गेली. मुंबईत दिवाणखान्यातील गट आधी जमले आणि चर्चची इमारत मागाहून आली.